ट्रकच्या पोटाला काळा स्प्रे: अंडरकोटिंग कॅनचा वर्षभराचा अनुभव

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कॅन संपल्या संपल्या लिहिलेला नाहीये. अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला गंज धरू नये म्हणून मारायचा थर, मारून वर्ष झालंय, मधे अख्खा पाऊस गेलाय, आणि काल परत टॉर्च घेऊन ट्रकखाली शिरलो, एकेक कोपरा बघितला, मग लिहायला बसलो. कारण ताजं मारलेलं अंडरकोटिंग कुणाचंही भारीच दिसतं हो, काळंकुळकुळीत, एकसारखं, खालून गाडी शोरूममधून आल्यासारखी. त्या दिवशी फोटो काढून पाच स्टार दिले असते तर आज स्वतःचंच हसू आलं असतं.

गाडी म्हणजे जुना पिकअप ट्रक, लॅडर चेसिसवाला (म्हणजे खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा). चिखल आणि खडी रोजचीच. मागच्या व्हील आर्चच्या (चाकावरच्या कमानीच्या) कडेला पेंटखाली फोड दिसायला लागले होते आणि चेसिसच्या खालच्या बाजूला हात फिरवला की बोटं तांबडी व्हायची. म्हटलं आत्ता काही केलं नाही तर दोन वर्षांनी पत्रा कापून वेल्डिंग करत बसावं लागेल.

घेतले ते रबराइज्डवाले कॅन, सहा. या धंद्यात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत आणि हे मला आधी नीट माहीत असतं तर बरं झालं असतं. रबराइज्ड म्हणजे डांबर आणि रबराच्या जातीचा माल, सुकला की जाड कातडीसारखा बसतो, खडीचा मार सोसतो आणि आवाजही दाबतो. वॅक्सवाला पूर्ण कडक होत नाही, जरा मऊच राहतो. आणि तेल किंवा लॅनोलिनवाला (लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी) सुकतच नाही, फटीफटीत सरकत जातो, पण चाकाच्या पाण्याने धुऊन निघतो म्हणून दरवर्षी परत मारावा लागतो. मला वाटलं जाड ते टिकाऊ, म्हणून रबराइज्ड. अर्धं बरोबर वाटलं होतं.

आता खरं काम. स्प्रे मारायला मला एक दुपार लागली आणि त्याआधीच्या तयारीला तीन दिवस, त्यातही तिसऱ्या दिवशी मी कंटाळलो ते पुढे येतंच. पहिल्या दिवशी प्रेशरने खालून धुतला, व्हील आर्चच्या वरच्या ओठात इतका सुकलेला चिखल निघाला की त्यात झाड लावता आलं असतं. मग एक दिवस नुसता वाळत ठेवला. मग ग्राइंडरला वायर कप लावून आणि जिथे तो पोचत नाही तिथे हाताने वायर ब्रश आणि पॉलिश पेपर. सुटे पापुद्रे सगळे काढायचे, यात सूट नाही. गंज नुसता डाग नसतो ना, तो सच्छिद्र असतो, पाणी आणि मीठ धरून ठेवतो, आणि लोखंडापेक्षा जास्त जागा खातो म्हणून वरचा कुठलाही थर आतून ढकलून उचलतो. जिथे खड्ड्यातला गंज निघतच नव्हता तिथे रस्ट कन्व्हर्टर लावला, त्यातलं टॅनिक नाहीतर फॉस्फोरिक ॲसिड तांबड्या गंजाला काळ्या पडणाऱ्या टणक थरात बदलतं. पण तेही घट्ट बसलेल्या गंजावर चालतं, सुट्या पापुद्र्यांवर लावणं म्हणजे वाळूवर प्लास्टर. उघड्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर अंडरकोटिंग.

तर कंटाळा. स्टेपनी लटकते त्याच्या वरचा क्रॉस मेंबर, म्हणजे चेसिसच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा. तिथे हात नीट जात नव्हता, मान दुखत होती, अंधार पडत होता, म्हटलं कोण बघतंय, वरवर ब्रश मारला आणि दुसऱ्या दिवशी सरळ स्प्रे. काल तिथे टिचकी मारली तर आवाज पोकळ. स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं तर तळहाताएवढा तुकडा अख्खा हातात आला, वरून काळा आणि रबरासारखा वाकणारा, आतल्या बाजूला तांबडी पूड चिकटलेली, आणि खालचा पत्रा चक्क ओला. कित्येक दिवस पाऊस नाही तरी ओला! म्हणजे वर्षभर मी गंजाला रेनकोट घालून दिला होता. हा दोष कॅनचा नाही, माझाच, पण या प्रकारच्या मालाची ही खोड मात्र आहे, चिरलं किंवा सुटलं की पाणी आत घेतं आणि बाहेर सोडत नाही, वरून सगळं आलबेल.

मास्किंगबद्दल: सायलेन्सर आणि त्याची सगळी पाइपलाइन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, ब्रेकच्या डिस्क, ड्रम, कॅलिपर, रबरी होज, प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) आणि त्याचे क्रॉस, बुश, हँडब्रेकची केबल, यातल्या कशावरही हा माल जाता कामा नये. शाफ्टवर कमीजास्त थर बसला तर बॅलन्स बिघडतो, ब्रेकवर बसला तर काय होईल ते सांगायला नको. मी जुने पेपर आणि टेप लावून सगळं झाकलं पण सायलेन्सरचं एक वळण उघडं राहिलं, पुढचे तीन-चार दिवस गाडी गरम झाली की धूर आणि डांबर जळाल्याचा वास, मागचे गाडीवाले हात करून थांबवत होते.

आणि ड्रेन होल! दरवाज्याच्या खालच्या कडेला, फ्लोअरला, चेसिसला बारीक भोकं असतात ती पाणी निघायला दिलेली असतात, कंपनीची चूक नाही. ती बुजली तर आत तळं. मी प्रत्येक भोकात आगपेटीची काडी खोचली आणि माल जरा आवळल्यावर काढली. एकूण 14 काड्या खोचल्या आणि 13 काढल्या. चौदावी एका धुलाईनंतर ड्रायव्हरच्या बाजूच्या दरवाज्यात सापडली, दार लावलं की आत पाणी हिंदकळल्याचा आवाज, खळ्ळ. काडी ओढली तर पेलाभर पाणी बुटात.

आता कॅन म्हणून कॅन कसा आहे. हलवायचा म्हणजे आतली गोळी मोकळी होऊन खुळखुळ ऐकू आली की त्यापुढे अजून एक मिनिट, मधेमधे परत. लेबलवर 25 ते 30 सेंटीमीटर अंतर लिहिलंय. ज्याने लिहिलंय तो कधी ट्रकखाली झोपला नसावा, तिथे नाक आणि चेसिस यातच मुश्किलीने तेवढं अंतर. दुसरी अडचण कुणी सांगत नाही: कॅनच्या आत नळी तळापर्यंत गेलेली असते, त्यामुळे खाली झोपून वर मारताना कॅन जास्त कलंडला की माल न येता नुसता गॅस निघतो, आणि गॅस संपला की अर्धा भरलेला कॅन फेकायचा. माझा पहिला कॅन असाच गेला. मग शहाणपण आलं, चाकं काढून, गाडी पक्क्या स्टँडवर घेऊन (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, कितीही घाई असो), बाजूने बसून शक्य तितका कॅन उभा धरून मारलं.

सलग मारलं की कॅन हाताला बर्फासारखा गार होतो, प्रेशर पडतं आणि फवाऱ्याऐवजी गोळे पडायला लागतात. दोन कॅन आलटून पालटून वापरले तर हे होत नाही. गार हवेत कॅन आधी कोमट पाण्यात ठेवा, कोमट म्हणजे कोमटच, 50 अंशांच्या वर नेऊ नका असं कॅनवरच लिहिलेलं असतं आणि ते गंमत म्हणून लिहीत नाहीत. पातळ दोन हात द्या. मी उत्साहात एका आर्चला पहिलाच हात जाड दिला तर ओघळ आले आणि तो भाग बाकीचा सुकला तरी दोन दिवस बोटाला चिकटत होता. काम थांबवताना कॅन उलटा करून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा, नाहीतर नोझल जाम. हे मी दोनदा विसरलो.

श्वासाचं सांगतो, साधा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. सॉल्व्हंटची (माल पातळ ठेवणाऱ्या रसायनाची) वाफ हवेपेक्षा जड, खाली साठते, आणि आपण खालीच असतो. ही वाफ गाळणारी, ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला मास्क, गॉगल, हातमोजे, आणि जागा उघडी. जवळपास ठिणगी, हीटर काही नको. पहिली दहा मिनिटं मी बिनमास्कची काढली आणि संध्याकाळपर्यंत डोकं गरगरत होतं.

सहा कॅनमधे काय झालं? चारही व्हील आर्च दोन हातांनी, चेसिसच्या बाहेरच्या बाजू, आणि केबिनखालचा थोडा फ्लोअर. एक वाया गेला तो धरून. पूर्ण ट्रक करायचा तर अजून निदान चार लागले असते.

वर्षानंतरचा हिशेब असा की व्हील आर्चमधे एक नंबर, अजून घट्ट, नख लावलं तर दबतं पण निघत नाही, आणि खडीवरून जाताना आधी जो टणटण आवाज यायचा तो आता बद्द येतो. चेसिसच्या बाहेरून ठीक, फक्त खालच्या कडेवर दगडांनी तीन-चार ठिकाणी उघडं पडलंय, ते घासून परत मारता येईल. क्रॉस मेंबरचं सांगितलंच. आणि चेसिसच्या बॉक्स सेक्शनच्या (पोकळ चौकोनी भागाच्या) आत या कॅनचा काही संबंधच नाही, गंज तिथे आतून बाहेर येतो, बाहेरून कितीही काळं करा. तिथे कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचा वॅक्स पाहिजे, लांब नळी आणि चौफेर उडवणाऱ्या नोझलवाला, भोकातून आत सारून ओढत ओढत मारायचा.

व्हील आर्चसाठी साडेचार स्टार, नव्या किंवा स्वच्छ पत्र्यासाठी चार, जुन्या गंजक्या चेसिससाठी दोन. परत घेईन का, हो, पण दोनच कॅन, बाकी पैसे वॅक्समधे. क्रॉस मेंबर काल अर्धा खरवडून झालाय, स्टेपनी अजून अंगणात पडलीय.