रेसनंतरचा फीडबॅक: फिनिशवरच्या गप्पा, फॉर्म, फोन की ट्रॅकर?

ॲडव्हेंचर रेस, म्हणजे टीमने मॅप बघत पायी, सायकलवर, पॅडलिंग करत ठरलेले चेकपॉइंट शोधायची रेस, घेणाऱ्यांना हा प्रश्न दरवेळी पडतो. फीडबॅक तर हवाय, पण घ्यायचा कसा, फिनिशवर उभं राहून लोकांशी बोलायचं, की फॉर्मची लिंक टाकून मोकळं व्हायचं, की नंतर निवांत फोन लावायचे. सगळं करायला माणसं नसतात, रेस संपली की आयोजकांचीच टीम आडवी झालेली असते, त्यामुळे काहीतरी निवडावंच लागतं. माझं मत आधीच सांगून टाकते: एकाच गोष्टीपुरती ताकद उरली असेल तर ज्या टीम्सनी रेस अर्धवट सोडली त्यांना फोन करा. बाकी सगळं त्यानंतर.

फिनिशवर लगेच की दोन-तीन दिवसांनी फॉर्म

फिनिशवरच्या गप्पांचा फायदा म्हणजे बारीकसारीक गोष्टी ताज्या असतात. कुठल्या चेकपॉइंटवर पाणी संपलं होतं, कुठे मार्शलने (चेकपॉइंटवरच्या आयोजकांच्या माणसाने) चुकीची वेळ लिहिली, दोरीच्या सेक्शनला किती वेळ लाइनीत थांबावं लागलं, हे तेव्हाच कळतं, आठवडाभराने यातलं निम्मं लोक विसरलेले असतात. पण "रेस कशी वाटली" हे तिथे विचारू नका. २४ तासांच्या रेसमधून आलेला माणूस रात्रभर झोपलेला नाही, गळ्यात मेडल आहे, फोटो चाललेत आणि समोर तुम्ही स्वतः उभे, तो "भारी झाली" म्हणणारच की.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग इथे फिट बसतो. लोकांना १४ अंशाच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला, आणि दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद अधिक आणखी ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या ३० मध्ये पाणी हळूहळू १५ अंशापर्यंत नेलं. यातलं कुठलं परत कराल विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण शेवट जरा बरा होता. रेसमध्ये सेम होतं. शेवटचा लेग (टप्पा) शांत पाण्यातल्या पॅडलिंगचा ठेवलात तर मधल्या ट्रान्झिशन एरियात (जिथे पायी सोडून सायकल वगैरे घेतात तिथे) सायकलींचे खोके सापडत नव्हते ही तक्रार कोणी करणार नाही, आणि शेवटच्या तासात एक चेकपॉइंट सापडला नाही तर अख्खी रेस बेकार ठरते. म्हणून फिनिशवर फक्त "कुठे काय बिघडलं" एवढंच विचारायचं आणि मत मागायचं ते झोप झाल्यावर.

फॉर्म दोन-तीन दिवसांत गेलेला बरा, पंधरा दिवसांनी पाठवलात तर ज्यांना फार आवडलं आणि जे फार चिडलेत तेवढेच भरतात. आणि प्रश्न नीट करा हो. "मॅप कसा होता, १ ते ५" या प्रश्नाला सरासरी ३.८ आली तर तुम्ही त्याचं करणार काय? त्यापेक्षा "कुठल्या चेकपॉइंटला मॅप आणि प्रत्यक्ष जागा जुळली नाही" असं विचारलं तर नंबरासकट उत्तर येतं. ० ते १० मध्ये "मित्राला ही रेस सुचवाल का" हा प्रश्न बरेच जण टाकतात, २००३ पासून धंद्यात हा नेट प्रमोटर स्कोअर फार चालतो, ९-१० देणाऱ्यांच्या टक्क्यातून ०-६ देणाऱ्यांचा टक्का वजा करायचा. पण तुमच्याकडे ३० उत्तरं असली आणि त्यातल्या तिघांनी ९ ऐवजी ६ दिले की स्कोअर थेट २० ने पडतो. छोट्या रेसला त्या आकड्यावरून निर्णय घेऊ नका.

अजून एक, फॉर्म प्रत्येकाला वेगळा पाठवा, फक्त कॅप्टनला नको. कॅप्टन बऱ्याचदा टीममधला सगळ्यात अनुभवी असतो, नेव्हिगेशन पण तोच करत असतो, त्याला रेस मस्त वाटलेली असते, आणि मागे कण्हत येणाऱ्या चौथ्या मेंबरला काय झालं हे तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पुढच्या वर्षी टीम येणार की नाही हे मात्र पुष्कळदा तो चौथाच ठरवतो.

फॉर्म की फोन

फॉर्मवर "सीपी ७ (सातवा चेकपॉइंट) खूप कठीण होता" असं चार टीम्सनी लिहिलं समजा. यावरून तुम्ही काय कराल, पुढच्या वेळी सोपा ठेवाल? आता त्यातल्याच एकीला फोन लावून म्हणा, जरा सांग ना, तिथे पोचल्यावर काय काय केलंत. मग कळतं की क्लूमध्ये, म्हणजे चेकपॉइंटच्या जागेच्या वर्णनात, "ओढ्यांचा संगम" लिहिलेलं, मॅपवर दोन संगम दिसत होते, ते खालच्या संगमावर अर्धा तास झुडपं शोधत राहिले आणि झेंडा वरच्या संगमावर होता. म्हणजे चेकपॉइंट कठीण नव्हताच, क्लू अर्धवट होता. सोपा केला असतात तर चांगला चेकपॉइंट हकनाक गेला असता.

फोनला वेळ लागतो, एका टीमला वीस मिनिटं धरा, आणि बोलणारा माणूस कोर्स आखणारा नसावा. ज्याने कोर्स आखलाय तो तिसऱ्या मिनिटाला सफाई द्यायला लागतो आणि समोरचा गप्प होतो.

आणि फोन आधी कुणाला, तर डीएनएफ (डिड नॉट फिनिश), म्हणजे रेस अर्धवट सोडलेल्यांना. फॉर्म भरणाऱ्यांत फिनिश केलेलेच जास्त असतात, सोडून गेलेल्यांना वाटतं आपण बोलायचं काय. पण कटऑफ (टप्पा गाठायची शेवटची वेळ) फार घट्ट होता का, मॅंडेटरी गिअरची (सक्तीच्या सामानाची) लिस्ट उशिरा आली का, रात्री बाहेर पडायचा रस्ता कळत नव्हता का, हे त्यांनाच ठाऊक. माझ्या मते अशा पाच फोनमधून जे मिळतं ते पन्नास फॉर्ममधून नाही मिळत.

ट्रॅकरचा डेटा

टीमसोबतचा जीपीएस ट्रॅकर आणि पंचिंगच्या (चेकपॉइंटला पोचल्याची नोंद केल्याच्या) वेळा खोटं बोलत नाहीत, पण कारणही सांगत नाहीत. सगळ्या टीम्सच्या रेषा एकाच टेकाडाभोवती गोल फिरलेल्या दिसल्या तर तिथे काहीतरी गडबड आहे एवढं नक्की. ती मॅपची, क्लूची की दमलेल्या डोक्याची, हे माणसालाच विचारावं लागतं. म्हणून हा डेटा फोनच्या आधी बघायचा, म्हणजे प्रश्न नेमका विचारता येतो. ट्रॅकर नसतील तर मार्शलच्या वह्या गोळा करा, त्यातही खूप असतं.

नावासकट की निनावी

नाव असलं की परत विचारता येतं, त्यामुळे साधारण फीडबॅकला नाव घ्या. सेफ्टीला मात्र निनावी रस्ता वेगळा ठेवाच. सायकल उतारावर घसरून थोडक्यात वाचलेला, पाण्यात लाइफ जॅकेट काढलेला, टीममेटला मागे सोडून पुढे गेलेला, यातलं कोणी नावानिशी लिहिणार नाही कारण पेनल्टीची भीती असते. विमानवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं, अमेरिकेत नासा १९७६ पासून पायलट वगैरेंकडून असे थोडक्यात टळलेले प्रसंग गोपनीयपणे गोळा करते, नाव काढून टाकूनच माहिती पुढे जाते. रेसलाही तेच लागू, निकाल लागल्यावर यावरून कुणाला पेनल्टी लावणार नाही असं आधीच लिहून टाका आणि पाळा.

मग ठरवायचं कसं

पंधरा-वीस टीम्सची पहिलीच रेस असेल तर फॉर्मच्या फंदात पडू नका, प्रत्येक टीमला एक फोन, बस. शंभरच्या वर टीम्स असतील तर सात-आठ प्रश्नांचा फॉर्म सगळ्यांना, डीएनएफवाल्यांना फोन, आणि फोनआधी ट्रॅकर बघणं. कित्येक दिवसांची एक्स्पिडिशन रेस असेल तर शेवटपर्यंत थांबूच नका, प्रत्येक ट्रान्झिशनला मार्शलने दोनच प्रश्न विचारून वहीत लिहावं, कारण पाचव्या दिवशी पहिल्या दिवसाचं कुणालाच धड आठवत नाही.

उत्तरं आल्यावर ती फिनिशच्या क्रमाने वेगळी लावा: पुढचे, मधले, शेवटचे, आणि सोडलेले. पुढच्यांना रेस अजून कठीण हवी असते, शेवटच्यांना सोपी, दोन्ही एकत्र केलं की "ठीक आहे" असं दिसतं आणि तुम्ही काहीच बदलत नाही. चारही गटांनी तोच चेकपॉइंट किंवा तीच ट्रान्झिशन सांगितली असेल तर ती आधी दुरुस्त करा, आणि काय बदललं ते पुढच्या रेसच्या नोंदणीआधी सगळ्यांना कळवा, सोडून गेलेल्या टीम्सनाही.