चिकुनगुन्यानंतरच्या सांधेदुखीसाठीची विशेष ओपीडी: सोबत जाणाऱ्या भावाने केलेले परीक्षण

डासांमुळे झालेला विषाणूजन्य ताप उतरल्यावरही सांधे सुजलेलेच राहिले, तर नेमके कोणाकडे जावे, हे बहुतेक रुग्णांना कोणी सांगत नाही. तापावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी आजार संपलेला असतो, आणि हाडांच्या डॉक्टरांना एक्स-रेमध्ये काही वावगे दिसत नाही. अशा मध्येच अडकलेल्या रुग्णांसाठी संधिवात विभागाने स्वतंत्र ओपीडी चालवणे ही मला फार मोलाची सोय वाटते. माझ्या थोरल्या बहिणीवर अशाच एका ओपीडीत उपचार चालू आहेत. रुग्णालयाचे नाव देण्याऐवजी तिथले काम कसे चालते हे लिहितो, म्हणजे दुसरीकडे अशी सेवा शोधणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

या सेवेचे खरे बळ पहिल्या भेटीत दिसले. टेबलावर ठेवलेली अहवालांची फाईल उघडण्याआधी डॉक्टरांनी विचारले, “ताई, ताप नेमका कोणत्या तारखेला आला? आणि रक्त कधी दिलंत?” या दोन तारखांवर सगळे अवलंबून होते. ताप आल्यानंतर लगेचच एका प्रयोगशाळेत तिची चिकुनगुन्याची आयजीएम चाचणी झाली होती आणि ती निगेटिव्ह आली होती. आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीर सुरुवातीला तयार करते ती प्रथिने, रक्तात दिसू लागायला साधारण पाच दिवस लागतात. त्याआधीच्या दिवसांत विषाणू शोधायचा तर त्याचे जनुकीय द्रव्य हेरणारी आरटी-पीसीआर चाचणी करावी लागते. ही गोष्ट त्या अहवालावर कुठेही लिहिलेली नव्हती, त्यामुळे ‘चिकुनगुन्या नाही’ हा शिक्का तिच्या केसपेपरवर कायम राहिला. पुढे दोन्ही मनगटे, बोटे आणि घोटे सारखेच सुजू लागले, तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात तिला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्यात प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटते असा जुनाट आजार) असल्याचे सांगण्यात आले आणि आम्ही सगळे खचलो.

ती शंका अगदीच निराधार नव्हती, हे सांगायला हवे. चिकुनगुन्यानंतरचा संधिवात शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखाच होतो, लहान सांधे धरतो, सकाळी हात आखडतो, आणि दुखणे सहा आठवड्यांपुढे गेले की आमवाताच्या 2010 च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही असे काही रुग्ण बसू शकतात. फरक ओळखण्यासाठी या ओपीडीत आयजीएम आणि आयजीजी (नंतर तयार होऊन दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) पुन्हा तपासतात, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्तचाचण्या करतात, आणि गरज वाटल्यास सांध्यांची सोनोग्राफी करतात. अँटी-सीसीपी आमवाताच्या बऱ्याच रुग्णांमध्ये सापडते, तर चिकुनगुन्यानंतरच्या दुखण्यात ती सहसा निगेटिव्ह असते. बहिणीची ती निगेटिव्ह आली, चिकुनगुन्याची प्रतिपिंडे मात्र सापडली, आणि सोनोग्राफीत सांध्याच्या अस्तराइतकीच कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणालाही सूज दिसली. कंडरांची ही सूज चिकुनगुन्यात वारंवार आढळते. ती मनगटात असेल तर तिथली नस दाबली जाऊन बोटांना मुंग्याही येतात. बहिणीला रात्री येणाऱ्या मुंग्यांचे कारण आम्हांला त्या दिवशी प्रथमच कळले.

तरीही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तपासणी हातानेच झाली. संधिवाताची तीव्रता मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत 28 सांधे दाबून पाहतात आणि त्यांत घोटे व पावले धरलेली नसतात. चिकुनगुन्या घोट्यांना हमखास गाठतो, म्हणून इथल्या डॉक्टर ते वेगळे तपासतात आणि कागदावर वेगळे नोंदवतात. दर भेटीला कोणता सांधा सुजला आहे आणि कोणता नुसता दुखतो आहे, याची आकृती भरली जाते. सूज ओसरत असूनही दुखणे तसेच राहते, तेव्हा औषध वाढवायचे की नाही, हे त्या आकृतीवरूनच ठरते. रक्ताच्या पंचवीस चाचण्यांचे पॅकेज घेण्यापेक्षा तापाची तारीख विचारणारा आणि प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहणारा डॉक्टर मिळणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

विषाणू गेल्यावरही सांधा का धुमसत राहतो, हे त्यांनी समजावून सांगितले आणि जे अजून सुटलेले नाही ते सुटलेले असल्याचे भासवले नाही. सांध्यातील पेशींवर असलेल्या एका प्रथिनाला धरून चिकुनगुन्याचा विषाणू आत शिरतो. एमएक्सआरए8 असे त्याचे नाव असून त्याची ही भूमिका 2018 मध्ये उजेडात आली. त्यानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा मॅक्रोफेज आणि टी-पेशी या आपल्या लढाऊ पेशी सांध्यात धाडते, आयएल-6 सारखी दाह वाढवणारी रसायने स्रवतात आणि अस्तर सुजते. पुढचे कोडे मात्र खुले आहे. हिंद महासागरातील रेयुनियन बेटावरील 2005-06 च्या मोठ्या साथीनंतर एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात तब्बल 18 महिन्यांनी विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) सापडला होता. उलट कोलंबियातील रुग्णांच्या सांध्यांतील द्रव संसर्गानंतर सुमारे 22 महिन्यांनी तपासला असता विषाणूचा मागमूस मिळाला नाही. विषाणूचे अवशेष दाह पेटता ठेवतात, की एकदा चेतवलेली प्रतिकारयंत्रणाच शांत होत नाही, यावर अजून एकमत नाही. “म्हणजे माझ्या अंगात जंतू अजून आहे का?” असे बहिणीने विचारले, तेव्हा मिळालेले उत्तर मला आवडले: जिवंत विषाणू असण्याची शक्यता फार कमी आहे, तुमच्यापासून घरात कोणाला संसर्ग होणार नाही, आणि आपला उपचार दाहावर आहे.

उपचारांची पद्धत संयमाची आहे. तीन महिन्यांपुढे टिकलेल्या दुखण्यालाच जुनाट धरतात, आणि त्याआधी वेदनाशामके व हलका व्यायाम यांवर भर असतो. स्टेरॉइड दिले तर कमी मात्रेत आणि थोड्या काळासाठी, कारण ते थांबवल्यावर दुखणे उसळू शकते याची कल्पना आधीच दिली जाते. मलेरियावरच्या क्लोरोक्विन या औषधाबद्दल बरेच ऐकले होते. पण तापाच्या काळात ते देऊन रेयुनियनमध्ये झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. बहिणीची सूज हटेना, तेव्हा प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारे मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू झाले, तेही यकृताच्या, रक्तपेशींच्या आणि हिपॅटायटिस बी व सी च्या तपासण्यांनंतरच. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते. इथे चिठ्ठीवर वाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि परिचारिकेने बहिणीकडून ते पुन्हा वदवून घेतले. एवढ्या एका काळजीसाठी मी या ओपीडीला बरेच गुण देईन.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. हातांचे व्यायाम शिकवणारा प्रशिक्षित माणूस ओपीडीत नाही; एक छापील कागद दिला जातो. मूठ न मिटणाऱ्या रुग्णाला चित्रे पाहून व्यायाम करणे अवघड जाते आणि चुकीच्या व्यायामाने सुजलेली कंडरा अधिक दुखावते. झोप उडणे, सततचा थकवा, मनाचे खचणे यांविषयी प्रश्नावलीत एकही ओळ नाही, हे मला विशेष खटकले, कारण महिनोन् महिने दुखणारा माणूस केवळ सांध्यांनी आजारी नसतो. माहितीपत्रकही अपुरे आहे. ते चिकुनगुन्यावर थांबते, वास्तविक त्याच कुळातील ऑस्ट्रेलियातला रॉस रिव्हर, दक्षिण अमेरिकेतला मायारो, आफ्रिकेतला ओन्योंग-न्योंग आणि उत्तर युरोपात आढळणारा सिंडबिस हे विषाणूही डासांमार्फतच पसरतात आणि सांधे धरतात. प्रवास करून आलेल्या रुग्णाला याची कल्पना हवी, शिवाय यांतल्या काहींची प्रतिपिंडे चाचणीत एकमेकांशी गल्लत करू शकतात.

ताप अजून अंगात असेल, तर ही जागा तुमच्यासाठी नाही. त्या काळात डेंग्यूची शक्यता फेटाळली जाईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची देखरेख हाच मार्ग योग्य. ताप जाऊन काही आठवडे लोटले आहेत आणि सकाळी हात-पाय आखडतात किंवा सांधे उघड सुजतात, अशा रुग्णांनी, विशेषतः पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि सुरुवातीलाच तीव्र सांधेदुखी झालेल्या रुग्णांनी, अशी ओपीडी शोधावी. जाताना ताप आलेली तारीख, रक्त दिल्याच्या तारखांसह सगळे जुने अहवाल आणि सांधे सुजलेले असताना काढलेली छायाचित्रे बरोबर न्यावीत, कारण भेटीच्या दिवशी नेमकी सूज उतरलेली असू शकते.