स्टील की नॉनस्टिक? चकाकी नंतर, आधी बूड बघा

एकच भांडं घ्यायचं असेल तर जाड बुडाचं स्टील घ्या. दोन घेणं जमत असेल तर दुसरा नॉनस्टिक पॅन, तोही लहान, फक्त अंडी आणि तुटणाऱ्या नाजूक माशासाठी. नॉनस्टिकचा अख्खा संच घेण्यात अर्थ नाही. पाणी उकळायला किंवा रस्सा शिजवायला न चिकटणारा लेप लागतोच कशाला?

स्टील निवडताना लोक चकाकी आणि वजन बघतात. बघायचं असतं बूड. स्टील उष्णता फार हळू पसरवतं, ॲल्युमिनियमच्या साधारण पंधरावा हिस्सा. म्हणून नुसत्या पातळ स्टीलच्या भांड्यात आचेच्या वर येणारा भाग करपतो आणि कडेचं कच्चं राहतं. यावर उपाय म्हणजे स्टीलमध्ये ॲल्युमिनियमचा थर. सँडविच बुडात तो फक्त तळाला असतो, ट्रायप्लायमध्ये काठापर्यंत. पातळ पदार्थ शिजवायला सँडविच बूड पुरतं, कारण पाणी स्वतःच फिरून उष्णता वाटतं. पण मोठ्या शेगडीवर ज्वाळा तळाबाहेर गेल्या की बुडाच्या कडेला गोल पट्टा करपतो. दूध आटवायचं, मसाला परतायचा तर ट्रायप्लायच घ्यावं, एकूण जाडी साधारण 2.5 मिमी असलेलं.

स्टीलच्या भांड्यावरचा 18/8 किंवा 18/10 हा आकडा म्हणजे क्रोमियम 18 टक्के आणि निकेल 8 किंवा 10. दोन्ही उत्तम, फरकासाठी जास्त पैसे मोजू नका. चुंबक चिकटला म्हणजे स्टील हलक्या दर्जाचं, हा समज मात्र सोडून द्या. इंडक्शनवर चालावं म्हणून चांगल्या ट्रायप्लायचा बाहेरचा थर मुद्दाम चुंबकीय ठेवतात.

स्टीलला पदार्थ चिकटतो तो बहुतेक वेळा घाईमुळे. रिकामं भांडं मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. चुर्रर्र करून जागीच आटला तर अजून थांबा. गोळी होऊन पाऱ्यासारखा पळाला की आच कमी करा, तेल घाला, मग कोरडा पुसलेला मासा किंवा मांसाचा तुकडा ठेवा आणि हात लावू नका. खालची बाजू तांबूस झाली की तो बराचसा आपणहून सुटतो; ओढावा लागतोय म्हणजे वेळ झालेली नाही. अंड्यासाठी एवढी धग जास्त होते, ते घालण्याआधी भांडं थोडं निवू द्या. तळाशी राहिलेल्या तपकिरी थरात पाणी घालून खरवडलं की रश्शाला जी चव येते, ती नॉनस्टिकमध्ये मिळत नाही.

नॉनस्टिकची रीत याच्या बरोबर उलट. रिकामा पॅन तापवायचा नाही. तेल आधी घालायचं, आच मंद ते मध्यम. नेहमीचा लेप पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉन नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकचा असतो. तो 260 अंश सेल्सियसच्या पुढे बिघडू लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा पॅन काही मिनिटांत तिथे पोचतो. त्याहून बराच जास्त तापला तर निघणाऱ्या वाफांनी माणसाला तापासारखी लक्षणं होतात, पाळलेले पक्षी तर दगावू शकतात. घरात पक्षी असेल तर स्टीलच बरं.

पाकिटावरच्या ‘पीएफओए-फ्री’वर भाळू नका. पीएफओए हे लेप बनवताना पूर्वी वापरलं जाणारं रसायन. 2019 मध्ये ते घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात बंदीच्या यादीत गेलं. त्या शिक्क्यावरून लेप किती टिकेल हे कळत नाही, आणि पीटीएफई नाही असंही ठरत नाही. सिरॅमिक लेप जास्त उष्णता सोसतो, पण त्याचा गुळगुळीतपणा सहसा लवकर जातो.

नॉनस्टिकला लाकडी किंवा सिलिकॉनचा कालथा, मऊ स्पंज, आणि रचून ठेवताना मध्ये कापड. तापलेला पॅन नळाखाली धरला तर बूड वाकतं, मग सपाट शेगडीवर डुगडुगतं. तेलाचा स्प्रे वापरू नका: त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर बसतो आणि लेप धड असूनही पदार्थ चिकटतो. खायच्या सोड्याच्या लगद्याने तो हळूहळू निघतो. लेपाचा कण पोटात गेला तर तो न पचता बाहेर पडतो, घाबरायचं कारण नाही. पण लेप सुटायला लागलेला पॅन काढून टाका. म्हणूनच तो महागातला घेऊ नये.

स्टील करपलं तर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, निवल्यावर लाकडी कालथ्याने खरवडा. पांढरे डाग म्हणजे पाण्यातले क्षार, इंद्रधनुषी छटा म्हणजे जास्त तापल्याची खूण. दोन्ही व्हिनेगरने जातात. लोखंडी तारेची घासणी टाळा, तिचे कण अडकून गंजाचे ठिपके दिसतात. मीठ उकळी आल्यावरच घाला, कारण थंड पाण्यात ते तळाशी बसून बारीक खड्डे पाडतं. हे खड्डे कशानेही घासून जात नाहीत. भांडं मात्र वापरायला चालतं.