सध्या काय ऐकतोय: व्हिलेज व्हॅनगार्डचा अख्खा रविवार

जॅझ ऐकणाऱ्या माणसाला 'सध्या काय चालू आहे?' असं विचारू नये. विचारलंच तर रात्रीच्या जेवणाला उशीर होणार हे धरून चालावं. आमच्या टोळक्यात एकजण अजून पियानोवाला थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन यांच्या कार्नेगी हॉलमधल्या १९५७च्या मैफलीत अडकलाय. ती टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होती, २००५ मध्ये सापडली. ही सापडण्याची गोष्ट तो प्रत्येक वेळी नव्याने सांगतो. दुसऱ्याला पियानोवाल्या अहमद जमालशिवाय काही सुचत नाही. माझ्याकडे मात्र तीन सीडींची एकच पेटी फिरते आहे: पियानोवाला बिल एव्हान्स आणि त्याचे दोन साथीदार यांच्या ट्रायोची 'द कम्प्लीट व्हिलेज व्हॅनगार्ड रेकॉर्डिंग्ज, १९६१'.

मी तबला वाजवतो आणि शिकवतो. त्यामुळे काहीही लावलं की कान आधी साथीदाराकडे जातो, मुख्य कलाकाराकडे नंतर. या पेटीने मला धरून ठेवलंय ते त्याच वाटेने.

तारीख २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमध्ये सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवर, जिना उतरून जायचा तळघरातला छोटासा जॅझ क्लब, तोच व्हिलेज व्हॅनगार्ड. दुपारी दोन बैठका, संध्याकाळनंतर तीन. पियानोवर एव्हान्स, डबल बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. रिव्हरसाइड कंपनीने पाचही बैठका टेप केल्या. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. त्यानंतर एव्हान्स कित्येक महिने जवळजवळ वाजवतच नव्हता. निर्माता ऑरिन कीपन्यूजने त्या टेपांमधून आधी 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' काढली. तिच्यात लाफारो पुढे दिसेल अशी निवड केली, सुरुवातीला आणि शेवटी त्याच्याच रचना ठेवल्या. मागाहून 'वॉल्ट्झ फॉर डेबी' आली. डेबी म्हणजे एव्हान्सची पुतणी.

या दोन एलपींवर दोन पिढ्या पोसल्या गेल्या, आणि खरं सांगायचं तर त्या दोन पुरेशा आहेत. मग पेटी कशाला? तर २००५च्या या पेटीत त्या दिवसाचं वादन ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने लावलंय. तेरा रचना, बावीस टेक (म्हणजे एकेका रचनेची वेगवेगळी वादनं). काही गोष्टी दोनदा, काही तीनदा. ज्याला 'तेच तेच' वाटतं त्याने इथूनच मागे फिरावं. मला मात्र दुपारचा लाफारो आणि रात्रीचा लाफारो यांतला फरक ऐकायचा होता, आणि तो एलपीवर कळत नाही.

बासवाला काय करतो? परंपरेने विचाराल तर चारही मात्रा चालवतो, खाली जमीन धरून ठेवतो, पियानोवाल्याला पडू देत नाही. लाफारो हे करायचं बऱ्याच वेळा नाकारतो. मात्रा मोजून देणं त्याने सोडलंय, कारण समोरचे दोघं मोजू शकतात हे त्याला ठाऊक आहे. उजव्या हाताची दोन बोटं आलटून पालटून वापरत तो वरच्या सुरांत जातो, एव्हान्सचं वाक्य अर्ध्यात पकडतो, कधी त्याच्या आधीच पोचतो. निरोप घेऊन दारात उभी राहिलेली पाहुणे मंडळी जशी एकमेकांचं बोलणं पुरं करत अर्धा तास काढतात, तसं चाललेलं असतं. 'सोलर' ऐका. तिथे सोलो, म्हणजे एकट्याचं पुढे येऊन वाजवणं, नक्की कोणाचं चालू आहे, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही.

आमच्याकडे गाणाऱ्याच्या तानेवर तबलजीने असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याला फोन येणार नाही.

मोशनबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. हा माणूस काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवतो तेव्हा ठेका असतो, पण तो दाखवत नाही. 'माय फूलिश हार्ट'ची लय इतकी विलंबित आहे की दोन मात्रांमधली जागा भरून टाकायची हाताला खाज सुटावी. लाफारो तिथे मोजकेच लांब सूर ठेवतो (हाच तो, 'सोलर'मध्ये गप्प न बसणारा!) आणि मोशन झांजेवर नुसता श्वास सोडल्यासारखं वाजवतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा एकच तुकडा ऐकायला लावतो. न वाजवणं शिकवायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

'वॉल्ट्झ फॉर डेबी'त आधी पियानो आणि बास दोघंच, तीन मात्रांत. मग ड्रम्स येतात आणि गाडी चारात जाते. हा बदल इतका अलगद होतो की पाय आपोआप नवी लय धरतो. 'माय रोमान्स'ला एव्हान्स सुरुवातीला एकटाच, लयीच्या बाहेर, सुरावट चाचपत हिंडतो. आलाप ऐकायची सवय असलेल्या कानाला तिथे लगेच बसायला जागा मिळते. जॅझ डोक्यावरून जातं म्हणणाऱ्यांना मी इथूनच आत आणतो.

आता तक्रारी. पेटी उघडून पहिली सीडी लावली की पहिलाच ट्रॅक 'ग्लोरियाज स्टेप'चा वीज गेल्यामुळे मध्येच तुटलेला टेक. दस्तऐवज म्हणून ठीक, पण दाराशीच ठेच. मी तो पुढे सरकवतो. 'ऑल ऑफ यू' तीनदा आहे. त्यातला मधला वगळला तर माझं काही बिघडत नाही. आणि लोकांचा आवाज! ग्लासांची किणकिण, मागे कोणीतरी मोठ्याने हसतंय, टाळ्या तर अगदी विरळ. जगातल्या सर्वांत देखण्या वादनांपैकी एक चालू आहे आणि एका टेबलावर बहुतेक ऑर्डरची चर्चा. माझ्या बायकोला याचा राग येतो. मला येत नाही. स्टुडिओत हे तिघं याच वर्षी 'एक्स्प्लोरेशन्स'साठी वाजवून गेले होते, ती रेकॉर्ड उत्तम आहे, पण तिथे कोणी असा धोका पत्करत नाही. ऐकणारे अर्धवट लक्ष देत असले की वाजवणारे एकमेकांसाठी वाजवतात, हे मी गणेशोत्सवातल्या मांडवांत बसून पाहिलेलं आहे.

तिसऱ्या सीडीच्या शेवटाकडे 'जेड व्हिजन्स' लागोपाठ दोनदा येतं. लाफारोची रचना, जेमतेम चार मिनिटांची, फारसं काही घडत नाही अशी. वेगवान लाफारोच्या भक्तांना ती मिळमिळीत वाटते. माझ्या मते पेटीतली सर्वांत धाडसी चीज तीच, कारण बोटांत एवढं बळ असलेला माणूस इथे ते दाखवायला तयार नाही.

विकत घ्यायची तर आधी 'वॉल्ट्झ फॉर डेबी' एकटी घ्या. ती घासली जाईपर्यंत ऐकलीत तर पेटीकडे वळा. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर शफल बंद करा, नाहीतर दुपार-संध्याकाळचा क्रम गेला आणि पेटीचा उद्देशही गेला. आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. बास ऐकूच येणार नाही, आणि मग उरतो तो छान पियानो. तो एव्हान्सच्या इतर डझनभर रेकॉर्डवरही मिळतो.