पाच व्हॉल्व्हचा बेकलाइट रेडिओ आणि १९५१ च्या सुमाराचा ‘लाइट प्रोग्रॅम’: काही महिन्यांच्या वापरानंतर

बीबीसीच्या ‘लाइट प्रोग्रॅम’ या करमणुकीच्या रेडिओ सेवेचे जुने कार्यक्रम मी काही महिन्यांपासून व्हॉल्व्हच्या (म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या) एका जुन्या रेडिओवर ऐकतो आहे. गेल्या महिन्यात सकाळी साडेदहाचा ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा संगीताचा कार्यक्रम चालू असताना आवाज फाटू लागला, तापलेल्या मेणाचा वास आला आणि संच बंद पडला. विकणाऱ्याने ‘संपूर्ण दुरुस्त’ असे सांगून दिलेला हा संच उघडल्यावर आतले मेणकागदी कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) सत्तर वर्षांपूर्वीचेच निघाले. त्यांतला एक, जो शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत, म्हणजे त्यातला प्रवाह कमीजास्त करणाऱ्या जाळीपर्यंत, ध्वनीचा संकेत पोहोचवतो, तो इतका कुप्रसिद्ध आहे की इंग्लंडमधले जुन्या रेडिओंचे हौशी दुरुस्तीकार त्याला नुसते ‘तो कपॅसिटर’ म्हणून ओळखतात. तो गळू लागला की ग्रिडवर नको तो धन विद्युतदाब येतो, प्रवाह वाढत जातो आणि व्हॉल्व्ह तापून निकामी होतो. नवा कपॅसिटर एका पौंडाच्या आत मिळतो. विकणाऱ्याचे म्हणणे असे की हमी व्हॉल्व्हना लागू नाही, आणि माझे म्हणणे असे की व्हॉल्व्ह ज्याच्यामुळे गेला तो भाग बदलणे हेच तर दुरुस्तीचे पहिले काम होते. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर व्हॉल्व्हचे निम्मे पैसे परत मिळाले आणि उरलेले निम्मे मी अजून विसरलेलो नाही.

संचाची रचना साधी: लाँग वेव्ह, मीडियम वेव्ह, एकच लहान स्पीकर, आणि घरातली वीज संचापासून अलग ठेवणारा ट्रान्सफॉर्मर नाही. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे आतल्या धातूच्या सांगाड्यात थेट विजेचा दाब असू शकतो, म्हणून फोनची वायर याला जोडण्याचा विचारही कोणी करू नये. मी खोलीपुरता पोहोचणारा एक छोटा ट्रान्समीटर वापरतो आणि त्यावरून जुनी ध्वनिमुद्रणे मीडियम वेव्हवर ऐकतो. क्रम मात्र माझ्या मनाचा नाही. ‘रेडिओ टाइम्स’ या बीबीसीच्या साप्ताहिकात छापलेली १९२३ पासूनची वेळापत्रके आता बीबीसीने खुली केली आहेत. त्यांतला १९५१ चा एखादा साधा कामाचा दिवस निवडायचा आणि ज्या वेळी जे होते त्या वेळी ते लावायचे, असा माझा शिरस्ता आहे. नेमके त्याच दिवसाचे मुद्रण मिळणे जवळजवळ अशक्य असते, कारण बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि जपले जात नसत. त्यामुळे दिवस १९५१ चा, पण त्यातले तुकडे मागच्या-पुढच्या वर्षांचे, अशी तडजोड करावी लागते.

पहिल्या काही आठवड्यांत मी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ निरर्थक ठरवून वगळत होतो. अर्धा तास एकामागून एक सुरावटी, आवाजात चढउतार नाही, संथ चाल नाही, निवेदन जवळजवळ नाही. फोनवर हेडफोन लावून ऐकले तर पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. या संचावर, स्वयंपाकघरात नळ चालू असताना आणि कुकर शिट्ट्या देत असताना ऐकले, तेव्हा मत पार बदलले. हा कार्यक्रम २३ जून १९४० रोजी युद्धकाळातल्या कारखान्यांसाठी सुरू झाला आणि १९६७ पर्यंत चालला. यंत्रांच्या खडखडाटात भोंग्यांसारख्या स्पीकरमधून ऐकू जावे म्हणून चाल स्पष्ट हवी, आवाजाची पातळी सपाट हवी, हात मंदावतील असे संथ वॉल्ट्झ नकोत, असे त्याचे नियम होते. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ या गाण्यावर तर बंदीच होती, कारण त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारे बाकांवर आपटत. हेडफोनमध्ये जो सपाटपणा दोष वाटतो तो या छोट्या स्पीकरमधून गुण ठरतो: वरच्या पट्टीतले बारकावे संच पोहोचवतच नाही आणि हे संगीत त्यांची अपेक्षाही करत नाही. एरिक कोट्स यांची ‘कॉलिंग ऑल वर्कर्स’ ही शीर्षकधून वाजली की मी भाजी चिरायला घेतो आणि अर्ध्या तासात रात्रीच्याही भाजीची तयारी होते. संपूर्ण संचाला मी जे गुण देतो आहे, त्यांतले निम्म्याहून अधिक या अर्ध्या तासाचे आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

बाकी दिवसाविषयी थोडक्यात. सकाळची ‘हाउसवाइव्ज चॉइस’ ही फर्माईश आनंदी, पण लांबते. पावणेदोनला लहान मुलांसाठी पंधरा मिनिटांचे ‘लिसन विथ मदर’, लगेच दोनला बायकांसाठीचा ‘वुमन्स अवर’: मूल गोष्ट ऐकून झोपेल आणि आईला तासभर मिळेल, असा तो हिशेब स्पष्ट दिसतो, जरी १९४६ मध्ये ‘वुमन्स अवर’चा पहिला सूत्रधार ॲलन आयव्हिमी हा पुरुष होता. एका डॉक्टरच्या बायकोवरच्या ‘मिसेस डेल्स डायरी’ या मालिकेचे पाच हजारांहून अधिक भाग झाले, पण जपलेले फारच थोडे, त्यामुळे तेच तेच भाग फिरवावे लागतात आणि डॉक्टर नवऱ्याची त्या बाईंना वाटणारी काळजी मला आता पाठ झाली आहे. संध्याकाळी पावणेसातला १९५१ च्या वसंतापर्यंत डिक बार्टन या गुप्तहेराची मालिका असे आणि त्यानंतर त्याच जागी ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची मालिका आली. बार्टनचे जे भाग मी लावतो ते ऑस्ट्रेलियात तिथल्या नटांना घेऊन पुन्हा मुद्रित केलेले आहेत.

रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांत संच कमी पडतो. ‘द गून शो’मधला प्रत्येक स्फोट या स्पीकरमध्ये सारखाच, ओल्या फटाक्यासारखा वाजतो. उलट ‘एज्युकेटिंग आर्ची’ उत्तम चालते. पीटर ब्रफ या शब्दभ्रमकाराने आपला बोलका बाहुला रेडिओवर आणला आणि श्रोत्यांनी तो डोक्यावर घेतला. ओठ हलताना दिसण्याचा प्रश्नच नसल्यामुळे या कलेला इतके सोपे माध्यम दुसरे नसावे.

खर्चाचे सांगतो. संच सुमारे चाळीस वॅट घेतो, त्यातली बरीचशी वीज नुसती उष्णतेत जाते, आणि सकाळी नऊ ते रात्री अकरा चालवल्यास अर्ध्या युनिटहून थोडे अधिक जळते. तेव्हा रेडिओचा वर्षाचा परवाना एक पौंड होता. सुरू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत जो अर्धा-पाऊण मिनिट थांबावे लागते, त्याचा मला आधी राग येई. आता त्यामुळे मी मध्येच संच बंद करत नाही, आणि न आवडणारा कार्यक्रमही कानावर पडून जातो. ‘द आर्चर्स’मधल्या शेतीच्या सूचना मी अशाच ऐकू लागलो.

घेणाऱ्यांनी आतल्या बाजूची छायाचित्रे मागवावीत, कपॅसिटर नवे आहेत असे लेखी घ्यावे, आणि व्हॉल्व्हची हमी नसेल तर शेवटच्या व्हॉल्व्हची किंमत वजा करूनच पैसे द्यावेत.

रविवारचा क्रम अजून बसलेला नाही. बाराची ‘टू-वे फॅमिली फेव्हरिट्स’ सुरेख आहे: जर्मनीतल्या ब्रिटिश सैनिकांच्या आणि मायदेशातल्या कुटुंबीयांच्या फर्माइशी, आणि लंडनहून बोलणाऱ्या जीन मेटकाफ व हॅम्बुर्गहून बोलणारे क्लिफ मिशेलमोर यांची ओळख या कार्यक्रमातूनच होऊन त्यांनी १९५० मध्ये लग्न केले. पण त्यापाठोपाठ बिली कॉटन आपल्या वाद्यवृंदासह ‘वेकी वेकी’ (उठा, उठा) अशी आरोळी ठोकतो, आणि जेवणानंतर आडव्या होणाऱ्या आमच्या घरच्यांना ती सहन होत नाही. रविवारी दीड वाजता संच बंद करायचा, अशी अट मला घालण्यात आली आहे. ती मी पाळतो. तेवढीच वीज वाचते.