पाणी विकायचं की नाही, कोण ठरवणार? कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको

अमेरिकेतली ही दोन्ही राज्यं शेजारची, दोन्हीकडे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो. फरक ही विक्री अडवण्याच्या अधिकारात आहे.

कोलोरॅडोत असा व्यवहार पाणी न्यायालयात जातो. तिथे मुख्य प्रश्न एकच: इतर हक्कधारकांच्या पाण्याला धक्का लागतो का? ओस पडणारी शाळा, बंद होणारी दुकानं त्या हिशेबात येत नाहीत. आर्कान्सा नदीकाठच्या क्राउली काउंटीतलं बरंचसं पाणी १९७० आणि ८० च्या दशकांत ऑरोरा, कोलोरॅडो स्प्रिंग्जसारख्या शहरांनी विकत घेतलं. एकेकाळी ५०,००० एकरांहून जास्त भिजायचं, आज त्यातला थोडाच भाग उरलाय. मागे राहिलेल्यांना कुणी विचारलं नाही, हेच मला सर्वांत खुपतं.

न्यू मेक्सिकोत ‘आसेकिया’ म्हणजे गावाचे सामाईक पाट. आपल्या धुळ्या-नाशिककडच्या फड पद्धतीत, म्हणजे सामाईक सिंचनात, पाटकरी असतो, तसा तिथे मायोर्दोमो पाण्याची पाळी लावतो. २००३ च्या कायद्याने पाटाच्या पंचांना, नियमावलीत तशी तरतूद केली असल्यास, पाटाला किंवा त्याच्या सदस्यांना घातक ठरणारी पाणीहक्काची बदली नाकारता येते.

अडचणीतल्या शेतकऱ्याचा हात यात बांधला जातो, हे खरं. तरीही मी न्यू मेक्सिकोच्या बाजूने आहे: एकाचं पाणी गेलं की पाट साफ करणारे हात कमी होतात, आणि खर्च उरलेल्यांवर पडतो.