अॅफिलिएट कमिशनची सुरक्षा: बदललेल्या व्यवस्थेचा आठ महिन्यांचा अनुभव

स्वयंपाकघरातील उपकरणांची परीक्षणे मी यूट्यूबवर करते आणि माझी बहुतेक कमाई व्हिडिओखाली दिलेल्या अॅफिलिएट लिंकवरच्या (जिच्यावरून कोणी वस्तू घेतली की मला वाटा मिळतो) कमिशनातून होते. गेल्या वर्षी कराराचा मसुदा म्हणून ईमेलने आलेली एक फाइल मी उघडली. त्यानंतर व्ह्यूज पूर्वीइतकेच राहिले, मात्र अॅफिलिएट खात्याच्या डॅशबोर्डवरचे क्लिक आणि कमिशन आठवड्यागणिक घटत गेले. मिक्सरच्या एका जुन्या व्हिडिओखालची लिंक अक्षर न् अक्षर तपासली, तेव्हा तिच्या शेवटी माझ्या ट्रॅकिंग आयडीच्या (कमिशन कोणाला द्यायचे हे सांगणाऱ्या खुणेच्या) जागी भलताच आयडी दिसला. बँक खात्याला कोणी हातही लावला नव्हता. पैसे तिथे पोहोचण्याआधीच दुसरीकडे वळवले गेले होते.

द्विस्तरीय पडताळणी सुरू असूनही हे घडले, कारण चोराने पासवर्ड न चोरता त्या फाइलमार्फत ब्राउझरमधली लॉगिनची कुकीच (आपण आधीच लॉगिन केले आहे, ही नोंद) उचलली होती आणि ती ज्याच्याकडे असते त्याला सहसा पुन्हा ओटीपी विचारला जात नाही. यूट्यूबर्सवरच्या अशा हल्ल्यांची माहिती गूगलने ऑक्टोबर २०२१ मध्येच प्रसिद्ध केली होती.

सर्व उपकरणांवरून लॉगआउट करून मी नवी व्यवस्था लावली. चॅनेल आणि अॅफिलिएट खाते आता एका वेगळ्या लॅपटॉपवरच उघडते आणि त्यावर ईमेलची एकही फाइल उघडत नाही. सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिन करताना जोडायचे छोटे उपकरण, तेसुद्धा घेतले. बनावट लॉगिन पानांपासून ते उत्तम रक्षण करते, परंतु चोरलेल्या कुकीपुढे त्याचा इलाज चालत नाही, म्हणून माझ्या मते खरा उपयोग वेगळ्या लॅपटॉपचाच झाला. कमिशनसाठी स्वतंत्र बचत खाते असून त्याला यूपीआय जोडलेले नाही. त्यामुळे ‘पडताळणीसाठी एक रुपया स्वीकारा, पिन टाका’ असे सांगणाऱ्यांना माझ्याकडून काहीच मिळत नाही; पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही.

आयकर विभागाचा फॉर्म २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराची नोंद) हा हिशेब ताडून पाहण्याचा सर्वांत भरवशाचा कागद वाटतो. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांहून अधिक कमिशन मिळाल्यास २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला जातो, त्यामुळे तिथली रक्कम आणि डॅशबोर्डवरची रक्कम जुळत नसेल तर ते लक्षात येते. शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला घरातल्या दुसऱ्या फोनवर, लॉगिन न करता, सर्वांत जुन्या दहा व्हिडिओंच्या लिंक तपासते.

एक उणीव मात्र कायम आहे. माझ्या अॅफिलिएट नेटवर्कवर (लिंक देऊन कमिशन चुकते करणाऱ्या कंपनीकडे) बँक खाते बदलले की पुढचा हप्ता थेट नव्या खात्यात जातो, मध्ये काही दिवसांची थांबणी नाही. ती असावी, अशी लेखी मागणी मी दोनदा केली असून उत्तराची अजून वाट पाहत आहे.